भोर-वेल्ह्याचा नकाशा आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



वार्षिक समारंभातले भाषण म्हटले की शिक्षणाचे महत्त्व सांगावे, सर सय्यद अहमद खानांचे नाव आदराने घ्यावे आणि बक्षीस समारंभाला वाट मोकळी करून द्यावी, असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुले शाळेत घातली, त्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व मी काय सांगावे? त्यापेक्षा आपल्या मुलांनी गेल्या वर्षभरात केलेल्या एका कामाची हकीकत सांगतो. त्यात कौतुक आहे आणि एक मोठी चूकही आहे. चूक माझ्या देखरेखीखाली झाली, म्हणून ती मीच सांगणे बरे.

काम असे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा एक नकाशा तयार करावयाचा आणि तो इंटरनेटवर अशा रीतीने ठेवावयाचा की कोणीही मोबाइलवर उघडून आपले गाव, शाळा, एस.टी.चा थांबा, दवाखाना, मशीद आणि कबरस्तान पाहू शकेल. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड तालुका असे झाले आहे, पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे, तेव्हा मीही तसेच म्हणेन.) हे काम सुचण्याचे कारण आपणांस ठाऊक आहे. ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने 'उम्मीद' नावाचे पोर्टल सुरू केले. वक्फ मिळकतींची नोंद त्यावर मोजमापासह आणि भौगोलिक स्थानासह सहा महिन्यांत करावी, असे त्यात होते. त्या कायद्याविषयी मतभेद आहेत, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तो आजचा विषय नव्हे. माझा विषय एवढाच की त्या वेळी आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात आले, आपले कबरस्तान कोणत्या गटात आहे हे आपणांस सांगता येत नाही. ओढ्याच्या पलीकडे, चिंचेखाली, असे सांगता येते. चिंच पडली की पुरावा गेला.

हे आपल्याच समाजाचे दुखणे आहे असे मात्र समजू नका. या भागात जमिनीने फार उलथापालथ पाहिली आहे. भोर हे पंत सचिवांचे संस्थान होते, ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. भाटघरचे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले आणि वेळवंडीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली. तिथले कांबरेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरले की आजही उघडे पडते. वेल्ह्याच्या बाजूस पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, ते पुन्हा बांधले गेले; पुढे वरसगाव, गुंजवणी, नीरा-देवघर अशी धरणे झाली. गावे उठली, दुसरीकडे वसली. त्यातच तुकडेजोड तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आला आणि एकत्रीकरण योजनेत ठिकठिकाणी जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावर सर्व्हे नंबर, नातवाच्या सातबाऱ्यावर गट नंबर. दोहोंचा मेळ घालणारा माणूस गावात एखादाच उरला आहे.

आता नकाशाकडे वळतो. मुलामुलींनो, तुम्ही मोबाइलवर नकाशा पाहता तेव्हा ते एक चित्र आहे असे तुम्हांस वाटते. ते एक चित्र नव्हे. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद आहेत असे समजा. एकावर नद्या-ओढे, एकावर रस्ते, एकावर गावांच्या हद्दी, एकावर आपल्या संस्था. प्रत्येक कागदाला थर म्हणतात. थरावरची प्रत्येक वस्तू, मग ती विहीर असो की शाळा, अक्षांश-रेखांशांसह एका कोठारात नोंदलेली असते. आम्ही त्यासाठी पोस्टजीआयएस नावाचे कोठार वापरले. ते फुकट मिळते. थर तयार करण्यासाठी क्यूजीआयएस, तेही फुकट. कोठारातला माल बाहेर देण्यासाठी जिओसर्व्हर आणि मोबाइलच्या पडद्यावर नकाशा मांडण्यासाठी लीफलेट. पैसा लागला तो एक जुना संगणक, वीज आणि इंटरनेट यांचा. बाकी लागली ती चिकाटी.

जिओसर्व्हरचे काम पालकांना समजावे म्हणून आपल्या नेहमीच्या अनुभवातला दाखला देतो. आपण कचेरीत जाऊन नकाशाची नक्कल मागतो, तेव्हा कागदावर काढलेले चित्र मिळते. सातबाऱ्याचा उतारा मागतो, तेव्हा नोंद मिळते. क्षेत्र किती, आकार किती, हे त्यावरून वाचता येते. वेबवरही या दोन मागण्या वेगळ्या आहेत. पहिलीला वेब मॅप सर्व्हिस म्हणतात, तीत चित्र येते. दुसरीला वेब फीचर सर्व्हिस म्हणतात, तीत खुद्द नोंद येते, आणि त्यावर हिशेब करता येतो. मागणी कोणत्या भाषेत करावी आणि उत्तर कोणत्या रूपात द्यावे, याचे नियम १९९४ साली स्थापन झालेल्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने घालून दिले आहेत. नियम एक असल्याचा फायदा असा की इस्रोच्या 'भुवन' या संकेतस्थळावरचा थर आपल्या नकाशाखाली आणून ठेवता येतो. आपण त्याची प्रत काढीत नाही. तो तिथेच राहतो, आपला नकाशा दर वेळी तिथून मागवून घेतो. तिकडे दुरुस्ती झाली की इकडे आपोआप दिसते. माल एकाच ठिकाणी असावा, पाहणारे कितीही असावेत. ज्यांनी घरातल्या चार भावांकडे एकाच जमिनीचे चार वेगवेगळे कागद पाहिले आहेत, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

कामाला सुरुवात झाली आणि गमती घडू लागल्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या अकरावीच्या एका मुलीने शाळांचा थर चढवला, तर भोरमध्ये एकही शाळा दिसेना. शोधाशोध केली. सगळ्या शाळा नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन बसल्या होत्या! भोर सुमारे १८.१५ अंश उत्तर आणि ७३.८५ अंश पूर्व असे आहे. आकड्यांची अदलाबदल झाली की ७३.८५ उत्तर आणि १८.१५ पूर्व होते, आणि तिथे बर्फाळ समुद्र आहे. काही ठिकाणी अक्षांश आधी लिहितात, काही ठिकाणी रेखांश आधी. नियमाच्या एका आवृत्तीत एक क्रम, पुढच्या आवृत्तीत दुसरा. मुलगी खजील झाली. मी तिला म्हटले, बेटी, ही चूक मोठमोठ्या अभियंत्यांनीही केली आहे, आणि ती लगेच दिसली हे आपले नशीब. जी चूक समुद्रात नेते तिची भीती नाही. जी पंधरा फूट सरकवते तिची भीती बाळगावी. हे वाक्य मी सहज बोलून गेलो. त्याचा अर्थ मला पुढे कळला.

दुसरी अडचण मराठीची. गावांची नावे जुन्या फायलींत ज्या फाँटांत टंकलेली होती ती युनिकोडमध्ये उघडल्यावर निव्वळ गिचमीड दिसे. शिवाय शेपफाइल नावाच्या जुन्या पण सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात स्तंभाच्या मथळ्यास दहाच बाइट मिळतात, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे तीन चिन्हांत काय ते लिहा. 'गाव' लिहिता येते, 'तालुका' येत नाही. मग नावांवर विसंबावयाचे नाही, प्रत्येक गावाला सरकारने दिलेला संकेतांक धरावयाचा, असे ठरले. वेल्ह्याचे राजगड झाले तेव्हा या निर्णयाचे शहाणपण दिसले. संकेतांक तोच राहिला, नावाचा रकाना तेवढा बदलला. एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावे असतात, तिथेही हाच उपाय कामी आला. जाता जाता सांगतो, बुद्रुक म्हणजे फारसीतले बुजुर्ग, थोरले. आणि खुर्द म्हणजे धाकटे. आपल्या डोंगरी गावांच्या नावांत ही फारसी सुखाने नांदते आहे, तिच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही.

तिसरी अडचण डोंगरांची. तोरणा-राजगडाच्या खोऱ्यांत मोबाइलला रेंज मिळणे मुश्कील. नकाशा उघडावयास पाच मिनिटे लागली तर कोण पाहणार? त्यावर उपाय म्हणून नकाशाचे लहान लहान चौकोनी तुकडे आधीच करून ठेवतात. साऱ्या जगाचा नकाशा शून्याव्या पायरीवर एका तुकड्यात मावतो, आणि पुढच्या प्रत्येक पायरीवर तुकडे चौपट होतात. अठराव्या पायरीवर ते ६८ अब्जांहून अधिक होतात. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे. आपणांस जगाशी कर्तव्य नव्हते, दोन तालुक्यांचेच तुकडे हवे होते, म्हणून ते एका साध्या संगणकावर मावले.

आता त्या चुकीकडे येतो.

वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावात कबरस्तानाला भिंत घालावयाची होती. गावाचे नाव सांगत नाही. तिथले मुतवल्ली आमच्याकडे आले आणि म्हणाले, मुलांनी हद्द नकाशावर काढून द्यावी. आमची सहा मुले मोबाइल घेऊन गेली, काटेरी कुंपणाच्या कडेने फिरली, कोपऱ्या-कोपऱ्यावर नोंद घेतली आणि परत येऊन त्या नोंदी जोडून एक ठळक हिरवी रेषा काढली. आम्ही ती वेबवर चढवली. दोन दिवसांत तो नकाशा गावभर मोबाइलवरून फिरला. शेजारच्या शेतकऱ्याच्या नातवाने तो पाहिला, आणि त्याला दिसले की त्याच्या आजोबांच्या शेताचा पट्टा कबरस्तानाच्या रेषेत गेला आहे. ज्या दोन घरांचे तीन पिढ्यांचे येणेजाणे होते, जिथे ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जात असे, तिथे आठ दिवस कोणी कोणाशी बोलले नाही. बाहेरची चार माणसे मध्ये बोलू लागली. त्या आठ दिवसांत मला झोप लागली नाही.

काय झाले होते? हिशेब सोपा आहे. साध्या मोबाइलवर उघड्या आकाशाखाली जागा कळते ती सुमारे पाच मीटरच्या फरकाने. झाडाखाली, डोंगराच्या कुशीत फरक आणखी वाढतो. आता गुंठा म्हणजे काय ते आठवा. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; साखळी गुणिले साखळी म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. १० गुंठ्यांचे चौकोनी कबरस्तान धरले तर त्याची बाजू सुमारे ३२ मीटर येते. एका बाजूस पाच मीटर सरकले की दीड गुंठ्याहून अधिक जागा इकडची तिकडे होते. शाळा दाखवताना पाच मीटरची चूक कोणास कळतही नाही. हद्द दाखवताना तीच चूक एका घराचा बांध कोरते. आणि आम्ही तर शाळेचा ठिपका आणि कबरस्तानाची हद्द एकाच जाडीच्या, एकाच ठाम रंगाच्या रेघेने काढली होती. खाली एक अक्षर लिहिले नव्हते की ही रेषा मोबाइलवरून घेतली आहे, मोजणीची नव्हे. पडद्यावर छापल्यासारखे दिसले की माणसाला ते खरे वाटते. आम्हांलाही वाटले.

नकाशा आम्ही त्याच रात्री काढून घेतला. मी, मुतवल्ली आणि ती सहा मुले त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. म्हातारबाबांनी आम्हांला ओसरीवर बसवले, चहा दिला, आणि मग आतून एक पत्र्याची पेटी आणून तिच्यातून जुन्या टिपणाची आणि फाळणीची नक्कल काढली. मुलांनी आयुष्यात प्रथमच टिपण पाहिले. शंकू आणि साखळी घेऊन रानातून चाललेल्या मोजणीदाराने प्रत्येक कोपऱ्याचे अंतर त्यावर आकड्यांत लिहून ठेवले होते. मुलांना हे ठाऊक नव्हते की आपण जे मोबाइलवर करावयास गेलो, ते काम त्याने आपल्याहून पुष्कळ बारकाईने करून ठेवले आहे. पुढे दोन्ही बाजूंनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला, फी निम्मी-निम्मी भरली. मोजणीच्या दिवशी हद्दीचा एक जुना दगड बांधात गाडलेला सापडला. शेताच्या बाजूस रेषा आमच्या रेषेपेक्षा बरीच आत निघाली. ओढ्याच्या बाजूस मात्र कबरस्तानाची जागा, जी आम्ही धरलीच नव्हती, ती निघाली. भिंत आता त्या मोजणीप्रमाणे होते आहे. बोलणे-चालणे सुरू झाले आहे, पण पहिल्यासारखे व्हायला अजून एखादी ईद-दिवाळी जावी लागेल.

त्यानंतर आम्ही सारे काम पुन्हा पहिल्यापासून केले. कोठारात प्रत्येक वस्तूपुढे तीन रकाने वाढवले: ही माहिती कोठून आली, कोणत्या साली, आणि किती मीटरपर्यंत भरवशाची. हे रकाने रिकामे असतील तर ती वस्तू नकाशावर उमटतच नाही. मोबाइलवरून घेतलेली गोष्ट फक्त ठिपक्याने दाखवायची, रेषेने नाही. गावनकाशावरून घेतलेली रेषा तुटक. राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' या संकेतस्थळावर गटांचे नकाशे पाहावयास मिळतात, ते गट शोधण्यास फार उपयोगी आहेत. पण हद्दीचा वाद त्यावरून सोडवता येत नाही, हे आमच्या नकाशावर आता मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. अखंड रेषा फक्त तिथेच, जिथे खात्याची मोजणी झाली आहे. जमीनमालकांची नावे आम्ही नकाशावर ठेवली नाहीत. कोणाची किती जमीन हे साऱ्या जगाने घरबसल्या का पाहावे? कोठारातले काही थर सर्वांना आणि काही फक्त संबंधितांना, अशी सोय जिओसर्व्हरमध्ये आहे, ती आधी वापरावयास हवी होती.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, एवढे सगळे झाल्यावर मुलांना या भानगडीत कशाला घालता? मला उलट वाटते. मोजणी आणि नकाशा हे आपल्याला परके काम नाही. अल् बिरूनीने अकराव्या शतकात नंदनाच्या किल्ल्यावरून क्षितिजाचा कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली, हे पुस्तकात असते. मलिक अंबरने दख्खनेत जमिनीची प्रतवारी करून सारा बसवण्याची जी पद्धत घातली, तिचे नाव आपल्या मुलखात पुढे कितीतरी वर्षे घेतले जाई. पण मला या दोघांपेक्षा अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन अधिक जवळचे वाटतात. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी चालू होती तेव्हा कर्नल एव्हरेस्ट यांच्याकडे हा कारागीर होता. मोजणीची यंत्रे विलायतेत बनत, आणि इथे बिघडली की काम थांबे. हेन्री बॅरो या इंग्रज कारागिरानंतर ती यंत्रे नीट करण्याचे काम मीर मोहसिन यांच्याकडे आले आणि एव्हरेस्टनी त्यांच्या हातावर विश्वास टाकला. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले. कोनाच्या वर्तुळावरच्या बारीक खुणा ज्याने तपासल्या, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही; पण त्या खुणा चुकल्या असत्या तर पुढचे सगळेच चुकले असते.

आणखी एक व्यावहारिक बाब. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम पुष्कळ सैल केले. भारतीय नागरिकांना आणि संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वीसारखी परवानगी मागावी लागत नाही. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे झाला, आणि पुढे २०२० पासून 'स्वामित्व' योजनेत ते काम देशभर सुरू झाले. या कामांना माणसे लागतात. ज्याला अक्षांश-रेखांशही कळतात आणि टिपण-फाळणीही वाचता येते असा मुलगा किंवा मुलगी मला अजून कोठे सहज भेटलेली नाही. आपल्या त्या अकरावीच्या मुलीचे वडील पंक्चर काढण्याचे दुकान चालवतात. ती आता दर रविवारी त्या म्हातारबाबांकडून जुने कागद वाचावयास शिकते. त्यांनीच तिला बोलावून घेतले.

भोर तालुक्यातील काही गावांचे थर अजून जुळत नाहीत. धरणाखाली गेलेल्या जमिनीचे जुने सर्व्हे नंबर आणि पुनर्वसनानंतर मिळालेले गट यांचा मेळ बसत नाही. तेव्हा ज्या पालकांच्या घरी टिपण, फाळणी, मुलाणकीच्या किंवा काझीपणाच्या इनामाची सनद, एकत्रीकरणाचा उतारा, असा कोणताही कागद असेल त्यांनी पुढच्या रविवारी तो बरोबर घेऊन यावा. कागद आम्ही ठेवून घेणार नाही. तुमच्यासमोर त्याचा फोटो काढून लगेच परत देऊ. वाळवी लागलेला असला तरी आणा. पावसाळा लागण्यापूर्वी, भाटघरचे पाणी खाली आहे तोवर, मुलांना त्या खोऱ्यात एक फेरी करावयाची आहे. या वेळी त्यांच्याबरोबर मोजणीतले एक निवृत्त गृहस्थ येणार आहेत, आणि साखळीही.